चार महिने आणि दहा दिवस

आमच्या वर्कशॉपच्या मागे लोखंडी ड्रम पडलेले असतात, ते दोनशे लिटरवाले. कुणाचं लक्षही जात नाही त्यांच्याकडे. त्या ड्रमचा आणि एका बातमीदार मुलीचा संबंध आहे, हे मला सेकंड इयरला कळलं. तिचं नाव नेली ब्लाय. शाळेत सिस्टरनी सांगितलेली गोष्ट एवढीच होती की एक मुलगी ७२ दिवसांत जगाला चक्कर मारून आली. ते खरंच आहे, पण मला विचाराल तर तिचं १८८७ साल जास्त भारी होतं.

खरं नाव एलिझाबेथ कॉक्रन. जन्म ५ मे १८६४, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात. वडील गिरणीवाले, चांगले श्रीमंत. पण ही सहा वर्षांची असताना मृत्युपत्र न करताच वारले आणि घरची परिस्थिती एकदम बदलली. आईने दुसरं लग्न केलं, तो माणूस दारुडा आणि मारकुटा निघाला. आईच्या घटस्फोटाच्या खटल्यात ही कोर्टात उभी राहून साक्ष देऊन आली. मग टीचर व्हायचं म्हणून कॉलेजला गेली, तर एका टर्ममध्ये पैसे संपले. शिक्षण तिथेच थांबलं.

१८८५ मध्ये पिट्सबर्गच्या 'डिस्पॅच' पेपरमध्ये एका लेखकाने लिहिलं की बायकांची जागा घरात. हिचं डोकं फिरलं. तिने नाव न देता, अनाथ मुलगी अशी सही करून पत्र पाठवलं. संपादकाने तिला शोधून काढलं आणि चक्क कामावर घेतलं! टोपणनाव एका लोकप्रिय गाण्यातून उचललं, त्यात स्पेलिंग चुकलं, ते चुकलेलंच कायमचं झालं. तिने कारखान्यातल्या मुलींवर लिहिलं, १८८६ मध्ये मेक्सिकोला जाऊन तिथून बातम्या पाठवल्या. पण परत आली की पुन्हा तेच, नाटकं आणि फॅशन. शेवटी कंटाळून १८८७ मध्ये तिने न्यूयॉर्क गाठलं.

तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. सगळे मोठे पेपर पार्क रो नावाच्या एकाच रस्त्यावर, आणि एकाही ऑफिसात आत सोडत नव्हते. असे चार महिने गेले. मग तिने डोकं लावलं. जुन्या पेपरची प्रतिनिधी म्हणून ती मोठमोठ्या संपादकांची मुलाखत घ्यायला गेली. विषय काय, तर न्यूयॉर्कमध्ये बाई पत्रकाराला काम मिळेल का! सगळ्यांचं उत्तर साधारण नाहीच होतं, पण त्यांच्या केबिनमध्ये ती बसून तर आली. त्यातच पैशांची पर्स गेली. उधारीवर दिवस काढत ती जोसेफ पुलित्झरच्या 'वर्ल्ड'मध्ये घुसली आणि संपादक कॉकरिलना भेटल्याशिवाय हललीच नाही.

तिला काम मिळालं ते असं, की वेडी बनून ब्लॅकवेल्स बेटावरच्या बायकांच्या इस्पितळात शिरायचं आणि आतलं सगळं लिहायचं. बाहेर कसं काढणार, ते नंतर बघू. आपल्याला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आयकार्ड आणि फाइल मिळते, हिला हे मिळालं.

आत जाणं सोपं निघालं, हीच भयंकर गोष्ट आहे. आरशासमोर प्रॅक्टिस केली, बायकांच्या एका स्वस्त वसतिगृहात खोटं नाव सांगून रात्रभर जागी बसली, झालं! पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर, सगळ्यांनी तिला वेडी ठरवलं. गंमत म्हणजे दुसऱ्या पेपरांनी या अनोळखी वेड्या मुलीच्या बातम्या छापल्या, त्यात तिने ज्याच्या संपादकाची मुलाखत घेतली होती तो 'सन'ही होता.

बेटावर पोहोचल्यावर तिने नाटक बंद केलं. नेहमीसारखी बोलू-वागू लागली. पण कुणीच विश्वास ठेवला नाही. बर्फासारख्या पाण्याने आंघोळ, खराब अन्न, अंगावर पातळ कपडे, आणि सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत बाकावर गप्प बसायचं. शहाण्या माणसालाही यातून वेड लागेल, असं तिचं मत झालं. तिथे एक जर्मन बाई होती. तिला इंग्लिश येत नव्हतं, त्यामुळे ती काय सांगते ते कुणाला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी इथे थांबले होते वाचताना. आमच्या हॉस्टेलवर फर्स्ट इयरला व्हायव्हात इंग्लिश फुटलं नाही म्हणून एका मुलीला आम्ही सगळ्यांनी ढ ठरवलं होतं. मी कॉन्व्हेंटची, त्यात मी पुढे होते.

दहा दिवसांनी पेपरचा वकील आला आणि नेली सुटली. बाकीच्या बायकांसाठी कुणीच येणार नव्हतं. बाहेर निघताना तिला त्याचंच वाईट वाटत होतं. ऑक्टोबर १८८७ मध्ये लेख छापले गेले आणि खळबळ उडाली. ग्रँड ज्युरी तिला घेऊन बेटावर गेली, तोवर तिथे साफसफाई झालेली होती! तरीही त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि शहराने अशा संस्थांचा निधी वाढवला.

१८८९ ची जगप्रदक्षिणा तर सगळ्यांना ठाऊक आहे. एक ड्रेस, एक छोटी बॅग, आणि ७२ दिवस. (कादंबरीतला फॉग मुंबईला येतो, ही मात्र कोलंबोवरूनच पुढे गेली.)

१८९५ मध्ये तिने सुमारे चाळीस वर्षांनी मोठ्या उद्योगपती रॉबर्ट सीमनशी लग्न केलं. तो गेल्यावर पत्र्याची भांडी आणि दुधाचे कॅन बनवणारा कारखाना तिनेच चालवला. १९०२ मध्ये दुधाच्या कॅनचं पेटंट तिच्या नावावर झालं. ड्रमचं श्रेय मात्र पुष्कळ जण तिला देतात ते बरोबर नाही. ते डिझाइन तिच्याकडे काम करणाऱ्या हेन्री वेअरहानचं, १९०५ चं पेटंटही त्याचं, हक्क तिच्याकडे. पुढे माणसांनीच अफरातफर करून कारखाना बुडवला. इस्पितळातली एकेक गोष्ट टिपणाऱ्या बाईने स्वतःच्या हिशोबाच्या वह्या नीट बघितल्या नाहीत, याचं मला फार नवल वाटतं.

मग पन्नाशीला ती पुन्हा बातमीदार झाली, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या आघाडीवर. २७ जानेवारी १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली. थडग्यावर नावाचा दगड १९७८ पर्यंत नव्हता, तो शेवटी तिथल्या पत्रकारांनी बसवला. बेटाचं नाव आता रूझवेल्ट आयलंड आहे. त्या इस्पितळाचा अष्टकोनी भाग अजून उभा आहे, त्याला जोडून फ्लॅट झालेत. आणि २०१७ पासून त्याच बेटावर कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा टेक्नॉलॉजी कॅम्पस आहे, आपल्यासारखीच पोरं तिथे कोडिंग करत बसलेली असतात.