चिंचपोकळीची तेलगिरणी, परळची वीज

जमशेटजी टाटा यांचा जन्म नवसारीत ३ मार्च १८३९ रोजी झाला. चौदाव्या वर्षी ते वडिलांकडे मुंबईला आले. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातले शिक्षण संपल्यावर ते वडिलांच्या पेढीत काम करू लागले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तिची कापड गिरणी केली. दोन वर्षांनी ती नफ्यात विकली आणि १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली.

त्या काळी गिरण्या वाफेवर चालत. दुरून आणलेला कोळसा महाग पडे आणि त्याचा धूर परळ-लालबागच्या वस्तीवर पसरे. सह्याद्रीतला पाऊस लोणावळ्याला अडवून, ते पाणी खाली खोपोलीला सोडून वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यावी, अशी योजना जमशेटजींनी मनाशी धरली. ती पुरी होण्याआधीच, १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुत्र दोराबजींनी काम पुढे नेले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज परळला पोहोचली.

सुमारे ७० किलोमीटरची ही वाट वीज एक लाख व्होल्टच्या आसपासच्या दाबाने पार करी. हा दाब परळला ट्रान्सफॉर्मर उतरवत. अशा ट्रान्सफॉर्मरमधली तारांची वेटोळी खनिज तेलात बुडवलेली असतात. तेल वीज अडवते आणि उष्णताही वाहून नेते. मात्र तेलात ओलावा किंवा बुडबुडा शिरला, तारांवरचा कागद झिजला, की आत बारीक विद्युत विसर्ग सुरू होतात. त्यांनी तेलाचे रेणू तुटून मुख्यतः हायड्रोजन आणि थोडा मिथेन तयार होतो. तेल फार तापले तर एथिलीन वाढतो, मोठी ठिणगी पडत असेल तर ॲसिटिलीन दिसतो आणि कागद करपला की कार्बन मोनॉक्साइड. हे वायू पेट घेणारे असतात. दोष वाढून टाकीतला दाब अनावर झाला, तर ती फुटून आग लागू शकते. दाट वस्तीत हा धोका अधिकच मोठा.

म्हणून आज ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना काढून त्यात विरघळलेले वायू मोजतात. रक्ततपासणीत आजार कळावा, तसा आतला बिघाड टाकी न उघडता वेळीच कळतो. गिरण्या बंद पडल्या, तरी मुंबईला वीज तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधूनच मिळते. जमशेटजींनी कल्पिलेली ती वीज मात्र त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी आली.