घड्याळे उघडणारी मुलगी : ग्रेस हॉपर

सात वर्षांच्या एका अमेरिकन मुलीने गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी ते उघडले. पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी झाली होती. आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढे बंधन घातले.

हीच मुलगी पुढे ग्रेस हॉपर म्हणून संगणकाच्या जगात प्रसिद्ध झाली. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातील पीएच.डी. मिळवून त्या व्हॅसार कॉलेजात शिकवीत होत्या. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा वय जास्त आणि वजन कमी असतानाही त्यांनी नौदलात प्रवेश मिळविला. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क-१’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली.

तेथे प्रत्येकाची एक वही असे. तपासून घेतलेली आज्ञावली तीत टिपलेली असे आणि गरज पडली की सहकारी ती उतरवून घेत. पण उतरवताना अंक चुकत, बेरजा चुकत. माणसाला नक्कल नीट जमत नाही आणि यंत्राला तर ती उत्तम जमते, मग हे काम यंत्रालाच का देऊ नये? हॉपरबाईंचा हा प्रश्न साधा होता, पण त्यातूनच पुढचे सारे घडले.

१९४९ साली त्या युनिव्हॅक संगणक बनविणाऱ्या कंपनीत गेल्या. १९५२ साली त्यांची ‘ए-०’ प्रणाली तयार झाली. तपासलेल्या उपआज्ञावली चुंबकीय फितीवर ठेवून प्रत्येकीला ग्रंथालयातील पुस्तकासारखा क्रमांक दिला होता. क्रमांक सांगितला की यंत्रच ती शोधून योग्य जागी जोडी. संगणक फक्त हिशेब करतो, असे मानणाऱ्यांना हे प्रथम पटले नाही. हॉपरबाई थांबल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ त्यांनी घडविली. १९५९ साली आकारास येऊ लागलेल्या ‘कोबॉल’ भाषेवर तिची मोठी छाप पडली.

आज कंपाइल केलेल्या लायब्ररीत मूळ मजकूर सहसा नसतो; असतात ते यंत्राचे अंक. तरीही ती मुकी नसते. बाहेरून वापरायच्या फंक्शनांची नावे आणि जागा यांची यादी तिच्यातच असते आणि दुसरा प्रोग्राम ती वाचू शकतो. जावासारख्या भाषेत तर एखादे फंक्शन काय घेते आणि काय परत देते, हेही प्रोग्रामला विचारता येते. यंत्राने स्वतःच ग्रंथालय चाळावे, ही वाट ‘ए-०’ने फार लवकर दाखविली होती.

१९६६ साली निवृत्त झालेल्या हॉपरबाईंना नौदलाने पुढच्याच वर्षी परत बोलाविले. १९८६ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वहीतले ज्ञान वहीतच राहिले तर ते आपल्यापुरते असते. त्याला क्रमांक देऊन ते सर्वांच्या हाती ठेवले, की त्याचे ग्रंथालय होते. हॉपरबाईंनी आयुष्यभर हेच केले.