किताब आणि इमान : माँट्रोजच्या मार्क्विसचे चरित्र

स्कॉटलंडच्या सरदारघराण्यांचा इतिहास प्रथम हाती घेणारा वाचक नावांच्या गर्दीत गोंधळून जातो. एकाच पुरुषाचे आडनाव एक आणि किताब दुसराच! तेथील सरदारांच्या पायऱ्या पाच : सर्वांत वर ड्यूक, त्याखाली मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि शेवटी लॉर्ड. किताब बहुधा एखाद्या स्थळावरून पडे आणि बापामागून मुलाकडे जाई. तो राजा देई आणि पार्लमेंट हिरावूनही घेई. मग मनुष्याचे स्वतःचे असे काय उरते? या प्रश्नाने आम्हांस जेम्स ग्रॅहॅम, माँट्रोजचा पहिला मार्क्विस, याच्या चरित्राकडे नेले.

ग्रॅहॅम घराण्यास माँट्रोजचे अर्लपद १५०५ साली मिळाले. जेम्सचा जन्म १६१२ सालचा. वडील वारले तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. त्या कोवळ्या वयातच तो पाचवा अर्ल झाला. लॉगॅरिथम शोधून काढणाऱ्या जॉन नेपियरचा मुलगा आर्चिबाल्ड हा त्याचा मेहुणा. त्याच्या देखरेखीखाली जेम्स वाढला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याने अध्ययन केले आणि तेथे धनुर्विद्येत पदकही मिळविले.

१६३७ साली पहिल्या चार्ल्स राजाने स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापोथी लादली. प्रजा खवळली. धर्मस्वातंत्र्याच्या रक्षणार्थ १६३८ साली जो राष्ट्रीय करारनामा झाला, त्यावर सही करणाऱ्यांत माँट्रोज पुढे होता. राजाविरुद्ध तो लढलाही. परंतु पुढे त्या पक्षाची सूत्रे कॅम्पबेल घराण्याचा प्रमुख, आर्गाइलचा अर्ल, याच्या हाती एकवटू लागली. राजाला आवरणे निराळे आणि राजाच्या जागी एका सरदाराने बसणे निराळे, असे माँट्रोजला वाटले. तो राजपक्षाकडे वळला. राजाने आर्गाइलला १६४१ साली, तर माँट्रोजला १६४४ साली मार्क्विस केले. एकाच दर्जाचे हे दोन सरदार आता एकमेकांचे हाडवैरी झाले.

१६४४ च्या ऑगस्टमध्ये माँट्रोज मोतद्दाराच्या वेषात, अवघे दोन सोबती घेऊन स्कॉटलंडात शिरला. डोंगरी टोळ्या आणि आयर्लंडहून आलेले शिपाई यांना एकत्र करून त्याने एका वर्षात सहा लढाया जिंकल्या. १६४५ च्या फेब्रुवारीत बर्फाने झाकलेले डोंगर ओलांडून तो इन्व्हरलॉखी येथे आर्गाइलच्या सैन्यावर अकस्मात कोसळला. आर्गाइल आपल्या गलबतातून तो संहार पाहत होता. तेथूनच तो निघून गेला. त्याच मोहिमेत माँट्रोजचा थोरला मुलगा मरण पावला.

मात्र चरित्रलेखकाने डाग झाकू नये. ॲबर्डीन येथे दूताबरोबर गेलेला ढोलवाला मुलगा गोळीस बळी पडला, तेव्हा संतापलेल्या माँट्रोजने आपल्या शिपायांना मोकळे सोडले. निरपराध नागरिकांची कत्तल आणि लूट झाली. त्याच्या कीर्तीवरील तो कलंक कोणत्याही विजयाने धुऊन निघाला नाही.

१६४५ च्या सप्टेंबरात फिलिपहॉ येथे त्याचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी त्याने देश सोडला. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. राजपुत्र दुसरा चार्ल्स याने माँट्रोजला पुन्हा स्वारीवर धाडले आणि त्याच वेळी त्याच्या शत्रूंशी तहाची बोलणीही चालविली! १६५० च्या एप्रिलमध्ये माँट्रोज हरला, पकडला गेला, आणि ज्याच्यासाठी तो लढला त्याने त्याला वाऱ्यावर सोडले. पार्लमेंटच्या लेखी तो आता मार्क्विस नव्हता, केवळ जेम्स ग्रॅहॅम होता. सरदाराचा शिरच्छेद होत असे. त्याला मात्र २१ मे १६५० रोजी एडिंबरोत सामान्य गुन्हेगाराप्रमाणे फाशी दिले. उंची पोशाख करून तो शांतपणे वधस्तंभाकडे गेला. त्याचे मस्तक तुरुंगाच्या इमारतीवर खिळ्यास टांगले गेले.

दैवाचा खेळ पाहा! १६५१ च्या पहिल्या दिवशी दुसऱ्या चार्ल्सच्या मस्तकी मुकुट ठेवला तो आर्गाइलने. पण १६६० साली हा राजा पुन्हा सत्तेवर येताच वारे फिरले. १६६१ च्या मे महिन्यात माँट्रोजच्या अवशेषांवर सेंट जाइल्सच्या चर्चमध्ये सन्मानाने अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच महिन्यात आर्गाइलचा शिरच्छेद होऊन त्याचे मस्तक त्याच खिळ्यावर चढले. तोही मरणास धैर्याने सामोरा गेला.

पुढे आर्गाइलचा नातू १७०१ साली आणि माँट्रोजचा पणतू १७०७ साली ड्यूक झाला. दोन्ही किताब आजही चालू आहेत. त्याच चर्चमध्ये आज दोघांचीही संगमरवरी स्मारके आहेत, एक एका बाजूस, दुसरे समोरच्या बाजूस. आम्हांस वाटते, किताब देणारे हात तो परत घेऊ शकतात. पण माणसाने राखलेले इमान आणि त्याच्या हातून घडलेला अन्याय ही दोन्ही त्याचीच राहतात. ती ना राजा देऊ शकतो, ना पार्लमेंट हिरावू शकते.