म्युनिकचे शिक्षणाधिकारी डॉ. केर्शेनस्टायनर

स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत ते जर्मनीतील म्युनिक शहराचे शिक्षणाधिकारी होते. शाळा सुटली परंतु धंदा अद्याप हाती आला नाही, अशा चौदा वर्षांच्या मुलाचे काय करावयाचे, या प्रश्नाचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. हा प्रश्न आपल्याही घरोघरी आहे.

गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांचा जन्म म्युनिक येथे २९ जुलै १८५४ रोजी झाला. वडील व्यापारी, परंतु व्यापार बसलेला. घरच्या गरिबीमुळे त्यांस लहानपणीच प्राथमिक शिक्षकाच्या अभ्यासक्रमास घालण्यात आले आणि मिसरूड फुटते न फुटते तोच ते साहाय्यक शिक्षक झाले. एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. नोकरी सोडून त्यांनी ऑग्सबुर्ग येथे माध्यमिक शिक्षण पुरे केले. १८७७ साली, म्हणजे विशी उलटल्यावर, ते शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८३ साली गणितात डॉक्टरेट मिळविली. पुढील बारा वर्षे निरनिराळ्या गावी माध्यमिक शिक्षकाची नोकरी केल्यावर १८९५ साली म्युनिकच्या शाळांची सूत्रे त्यांचे हाती आली. ती त्यांनी १९१९ पर्यंत सांभाळली.

त्या काळी प्राथमिक शाळा संपली की मुलगा कोणा कारागिराकडे उमेदवारीस लागे. सोबत पूरक शाळेची सक्ती असे खरी; परंतु ती भरे संध्याकाळी किंवा रविवारी, आणि शिकविणे म्हणजे मागल्याच धड्यांची उजळणी. दिवसभर भट्टीपाशी उभा राहिलेला पोर तेथे पेंगला, तर त्यास दोष कोणी द्यावा? शाळा सुटल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या वयात तरुणांस नागरिक म्हणून कसे घडवावे, या विषयावर एर्फुर्टच्या अकादमीने निबंध मागविले, तेव्हा केर्शेनस्टायनर यांच्या निबंधास १९०१ साली पारितोषिक मिळाले. मुलाचे मन ज्या कामात गुंतले आहे त्या कामातूनच त्यास शिकवावे, हे त्यांचे सूत्र होते.

ते त्यांनी म्युनिकमध्ये प्रत्यक्षात आणले. पूरक शाळेची धंदेवार विभागणी केली. पाववाले, खाटीक, चांभार, न्हावी, सुतार, धुराडी साफ करणारे, प्रत्येकाच्या उमेदवारांचा वर्ग निराळा. असे सुमारे पन्नास धंद्यांचे वर्ग उभे राहिले. हिशेब तो त्या धंद्यातील मालाचा, चित्रकला ती त्या धंद्यातील वस्तूंची, लेखन ते धंद्यातील पत्रव्यवहाराचे. आणि त्याच्या जोडीस आरोग्य व नागरिकशास्त्र. आठवड्यास आठ ते दहा तास, आणि तेही कामाच्या वेळातले! खरी अडचण येथेच होती. उमेदवाराचा दिवस मालकाचा असतो; तो शाळेला देणे म्हणजे पदरचे सोडणे होय. केर्शेनस्टायनर यांनी कारागीरसंघांशी बोलणी करून त्यांस या योजनेत सामील करून घेतले. शाळेच्या कर्मशाळेत शिकविण्यास कसबी कारागीर आले, संघांनी सामानसुमानाचा भार उचलला. कायद्याचे पाठबळ होतेच, परंतु धंदेवाल्यांस शाळा आपली वाटल्यावाचून हे घडले नसते, असे आमचे मत आहे.

प्राथमिक शाळेच्या आठव्या इयत्तेसही त्यांनी लाकूडकाम व धातुकाम यांच्या कर्मशाळा जोडल्या. त्यांच्या ग्रंथातील एक उदाहरण शिक्षकवर्गात प्रसिद्ध आहे. साळुंकीच्या कुळातील एका पक्ष्यासाठी मुलांनी फळीचे घरटे करावयाचे. फळी ठराविक मापाची; तेव्हा आधी विचार, मग रेखाटन, मग करवत. सांधा जुळला की नाही हे सांगण्यास गुरुजी लागत नाहीत. आम्ही वर्षानुवर्षे वह्या तपासल्या. लाल शाईची खूण मुलगा पाहतो व विसरतो, परंतु आपल्याच हातून राहिलेली फट तो विसरत नाही.

या थोर पुरुषाच्या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. मुलींच्या वाट्यास मुख्यतः स्वयंपाक व गृहकृत्येच आली. ज्यांस ठराविक धंदा नव्हता अशा मजूर मुलांसाठी निराळे सर्वसाधारण वर्ग काढावे लागले. १९१० साली त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली. शिकागोचे माजी शिक्षणप्रमुख एडविन कूली यांनी जर्मन शाळा पाहून तशाच स्वतंत्र धंदेशिक्षणाचा आराखडा इलिनॉय राज्यापुढे मांडला, तेव्हा त्यास कडवा विरोध केला तो जॉन ड्यूई यांनी. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले. धंद्याची शाळा वेगळी काढली की कामकऱ्याचा मुलगा कामकरीच राहील, ही त्यांची भीती होती. तो आराखडा तेथे मंजूर झाला नाही. बापाचा धंदा मुलाच्या कपाळी लिहिला जाण्याचा अनुभव ज्या समाजास आहे, त्याने हा आक्षेप हलका लेखू नये. स्वतः केर्शेनस्टायनर हे लावून दिलेली वाट सोडून पुढे गेलेले गृहस्थ होते; त्यांच्या वर्गांतील किती मुलांस तशी मोकळीक मिळाली असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

१९१२ ते १९१८ पर्यंत ते जर्मन लोकसभेचे सभासद होते. नंतर त्यांनी म्युनिक विद्यापीठात अध्यापन केले. १५ जानेवारी १९३२ रोजी म्युनिक येथेच त्यांचे देहावसान झाले. उमेदवाराने आठवड्यातील एकदोन दिवस शाळेत व उरलेले दिवस कारखान्यात शिकावे, ही जर्मनीतील पद्धत त्यांनी घातलेल्या पायावर वाढली. धंदेशिक्षणाचा देशव्यापी कायदा तेथे १९६९ साली झाला आणि मालक, कामगारसंघटना व सरकार हे तिघे मिळून तेथील धंद्यांचे अभ्यासक्रम आजही ठरवितात.