शाळा अंगणात आणणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं मूल कधी ना कधी अंगणवाडीत गेलेलं आहे. कुणाची बहीण अंगणवाडी सेविका आहे, कुणाची सून मदतनीस आहे. अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे, की तो कुणीतरी, कुठेतरी, काही एका कारणाने पहिल्यांदा वापरला असेल हे आपल्या मनातही येत नाही. सावित्रीमाईंचे नाव आपल्या घराघरांत आहे आणि ते असायलाच हवे. पण ज्या बाईंनी तीन-चार वर्षांच्या गरीब मुलांसाठी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात आणून ठेवली, त्या ताराबाई मोडक यांचे नाव मात्र आपल्या मुलांना सांगता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरातले वातावरण प्रार्थना समाजाचे, सुधारकी विचारांचे. मुलींना चार बुके शिकवणे हेच जेव्हा धाडस समजले जाई, त्या काळात १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतीपासून त्या वेगळ्या झाल्या. पदरात एक लहान मुलगी. आजच्या काळातसुद्धा एकट्या बाईने मूल घेऊन उभे राहणे किती अवघड आहे ते आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. मग शंभर वर्षांपूर्वी काय असेल बघा! पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. नोकरीसाठी त्या थेट काठेवाडात राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्री शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या.

तिथून जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वेगळेच काम करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचाराने त्यांनी मॉंटेसरीबाईंची पुस्तके वाचली, आणि वकिली मागे पडून माणूस मुलांचाच झाला. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मारणे नाही, ओरडणे नाही, घोकंपट्टी नाही. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मिशावाली आई म्हणत. ताराबाई १९२३ च्या सुमारास त्यांच्या कामात सामील झाल्या. मान-मरातबाची प्राचार्यपदाची जागा सोडून त्या लहान मुलांमध्ये जमिनीवर येऊन बसल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. मराठी 'शिक्षण पत्रिके'तून ताराबाईंनी महाराष्ट्रातल्या आईबापांना बालशिक्षणाचा विचार समजावून सांगितला. पुढे मुंबईला येऊन दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहारचे काम उभे केले. १९३९ साली गिजुभाई गेले, आणि कामाचा सगळा भार ताराबाईंच्या खांद्यावर आला.

ही मॉंटेसरीची पद्धत म्हणजे काय, ते थोडे समजून घ्यायला हवे. डॉ. मारिया मॉंटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब कामकरी वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर उनाडणारी पोरं, तीच त्यांची पहिली मुलं. त्यांनी पाहिले की लहान मूल ऐकून शिकत नाही, ते हाताने शिकते. त्याला पाणी ओतायला द्या, बटण लावायला द्या, लहान-मोठे ठोकळे रचायला द्या; तासन् तास ते त्यात रमते. बोटांना वळण लागले की लिहिणे आपोआप सोपे जाते. आधी हात, मग डोळे-कान, आणि अक्षर सगळ्यांत शेवटी. असा तो क्रम.

पण पुढे झाले काय? गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली. तिची साधने घोटीव लाकडाची, मापात बनवलेली, म्हणून महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांना ती मिळाली. खेड्यातल्या, झोपडीतल्या मुलाला कोण देणार? हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. शिशुविहार नीट चालला होता, नाव झाले होते. त्यांनी आरामात तिथेच राहिले असते तरी कुणी बोल लावला नसता. परंतु वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या शहर सोडून निघाल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

याच वर्षी, १९४५ साली, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध नव्हता, विचारांच्या वाटाही वेगळ्या होत्या. ताराबाईंवर गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होता. पण आपल्यासारख्यांनी दोन्हीकडे बघावे असे वाटते. बाबासाहेबांनी आपल्या तरुणांसाठी वरचा दरवाजा उघडला, तर बोर्डीत त्याच सुमारास अगदी खालची पहिली पायरी बांधायचे काम चालू झाले होते.

बोर्डीला ताराबाईंना एक मोलाची सोबतीण मिळाली, अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि वर्षभराच्या आतच त्या विधवा झाल्या. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ ला त्या बोर्डीला आल्या आणि मग ताराबाईंच्या शेवटपर्यंत दोघींची साथ सुटली नाही. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांना कोपऱ्यात बसायला सांगितले असते, अशा या दोन बायांनी हजारो मुलांचे बालपण सावरले.

गावात मध्यवर्ती ठिकाणी बालवाडी सुरू झाली. परंतु गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले काही येईनात. त्या वस्तीला तेव्हा हरिजनवाडा म्हणत. हा शब्द बाबासाहेबांना मान्य नव्हता आणि आपल्यालाही नाही. पण त्या वेळचे नाव तेच. मुले का येत नव्हती? आई पहाटेच मजुरीला जाणार, धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायला थोरलं चार-पाच वर्षांचं पोर घरी हवं. अंगावर धड कपडा नाही. आणि पिढ्यान् पिढ्या ज्या बाजूला पाऊल टाकायची चोरी, तिथे जाऊन इतरांच्या मुलांशेजारी बसायचे हा धीर एका दिवसात कुठून येणार? दुसऱ्या कुणी म्हटले असते, आम्ही शाळा काढली, यांनाच शिक्षणाची आवड नाही, आम्ही काय करणार! आजही असे बोलणारे कमी नाहीत.

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी उलटा विचार केला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच मुलापर्यंत गेली पाहिजे. मग शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी दारासमोरचे अंगण झाडायचे, सारवायचे, आणि तिथेच मुलांना गोळा करायचे. धाकट्या भावंडाला घेऊन ये, तेही इथेच खेळेल. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे. शिवाशीव पाळणाऱ्या त्या काळात शिकलेल्या बायांनी वस्तीतल्या मुलांना जवळ घेऊन न्हाऊ घालणे ही साधी गोष्ट नव्हती. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. हे नाव असे जन्माला आले.

आणि साधने? ती बाजारातून आणायची गरजच नव्हती. समुद्रकाठी शंख-शिंपले हवे तितके. चिंचोके, गोटे, पाने, फुले, पिसे, करवंट्या, माती, बांबूच्या कामट्या. शिंपल्यांतून लहान-मोठे निवडायचे, ही झाली मापाची ओळख. चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग करायचे, हे झाले गणित. पाने गोळा करून सारखी सारखी एकत्र लावायची, हा झाला निसर्गाचा पाठ. ओल्या मातीत बोटाने रेघ ओढायची, हीच पाटी. मॉंटेसरीबाईंची जी साधने महागडी झाली होती, त्यांचे मर्म ताराबाईंनी फुकट मिळणाऱ्या वस्तूंत उतरवले. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत त्यांनी पुन्हा गरिबांच्या दारात आणून सोडली, असेच म्हटले पाहिजे. आणि हे सगळे आईच्या, आजीच्या डोळ्यांसमोर चालायचे. त्यामुळे आपलं पोर काय करतंय ते घरच्यांना दिसायचे. मजुरीवरून आलेली आईसुद्धा चिंचोक्यांच्या ढिगाकडे बघून म्हणणार, हे तर मीही घरी करीन. म्हणजे मुलाबरोबर घरही शिकत होते.

१९५७ साली हे केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा डहाणू तालुक्यातला वारली आदिवासींचा मुलूख. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तिथली मुले दिवसभर गुरे राखायची. त्यांना अंगणवाडीही पुरेना, कारण ती अंगणात नसतच! मग शाळा आणखी पुढे सरकली आणि गुरांमागे कुरणात गेली. ती कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाखाली गोष्टी, गाणी, मोजणी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी हीसुद्धा त्यांचीच कल्पना. कामाचे धोरण एकच राहिले: मुलाच्या जगण्याकडे आधी बघायचे आणि शाळेची घडी त्याप्रमाणे बसवायची.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढची जवळजवळ वीस वर्षे अनुताईंनी हे काम नेटाने चालवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तेच नाव आहे. ते आले मात्र एका समुद्रकाठच्या गावातून, वाळीत टाकलेल्या वस्तीच्या अंगणातून. हे आपण आपल्या मुलांना अभिमानाने सांगायला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, नाव देशभर पसरले, पण त्यामागचा विचार आपण घरात ठेवला आहे का? अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, एवढीच आपली समजूत झाली आहे. खाऊ आणि लसही हवीच, त्याने मुले जगतात. पण खेळातून शिकणे हा त्या अंगणाचा जीव होता. दुसरीकडे, परवडत नसताना आपण तीन वर्षांच्या पोराला भारी फीच्या नर्सरीत घालतो आणि संध्याकाळी त्याच्या हातात पेन्सिल देऊन ए बी सी डी गिरवायला बसवतो. त्याची बोटे अजून वळत नाहीत, म्हणून ते रडते, आणि आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्षच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी खेळ आणि कृतीतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. बोर्डीच्या अंगणात ते कितीतरी आधी झाले होते.

आपली खोली दहा बाय बाराची असेल, अंगण नसेल, चाळीची गॅलरी असेल. तरी चालेल. भाजी निवडताना पोराला जवळ घ्या, शेंगा सोलू द्या, दाणे मोजू द्या. कपड्यांच्या घड्या करताना मोठ्या-लहान वेगळ्या करू द्या. डाळ आणि तांदूळ दोन वाट्यांत निवडायला द्या. दोन भांड्यांतून पाणी ओतू द्या. सांडले तर ओरडू नका, त्याच्याच हातात फडके द्या. कणकेचा गोळा द्या, त्याचे तो काय करायचे ते करील. आईच नव्हे, बापानेही बसावे, आजोबांनीही बसावे. याला पैसा लागत नाही, वेळ आणि धीर मात्र लागतो. आणि वस्तीतल्या अंगणवाडी ताईला कधीतरी विचारा, ताई, तुम्हाला काय हवे? एखादी चटई, डबाभर चिंचोके, रविवारी दोन तासांची मदत. शिका या आदेशाची सुरुवात कॉलेजात होत नाही, ती या वयातच होते. ताराबाई मोडकांनी ती आपल्यासारख्यांच्या दारात येऊन करून दाखवली. त्यांच्या स्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.