संत लूक : श्रोत्याला ओळखणारे शुभवर्तमानकार



१८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूक यांचा सण साजरा करते. डॉक्टरांचे आणि चित्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. आपण जपमाळेत म्हणतो ती आनंदाची पाचही रहस्ये त्यांच्या शुभवर्तमानात आहेत. उधळ्या पुत्राचा आणि दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला फक्त त्यांनीच लिहून ठेवला. लूक नसते तर आपली प्रार्थना किती गरीब झाली असती!

तरीही एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले विचारतात आणि मोठी माणसे मिस्सानंतर थांबून हळूच विचारतात. नाताळच्या गोठ्यात आपण मेंढपाळ आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक शेजारी शेजारी ठेवतो. पण मत्तयच्या शुभवर्तमानात मेंढपाळ नाहीत आणि लूकच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक नाहीत. मग खरे कोणाचे? शुभवर्तमान एकच, तर चौघांनी ते चार तऱ्हांनी का सांगितले? या प्रश्नाचे उत्तर संत लूक यांच्या जीवनात सापडते, असे आम्हाला वाटते.

नव्या करारात लूक यांचे नाव केवळ तीन वेळा येते, तिन्ही वेळा संत पौलाच्या नावावरील पत्रांत. कलस्सैकरांस पत्रात पौल त्यांना आपला प्रिय वैद्य म्हणतो. तेथे यहुदी सहकाऱ्यांची नावे आधी वेगळी सांगून झाल्यावर लूक यांचे नाव येते. म्हणजे ते जन्माने यहुदी नसावेत. जुनी परंपरा त्यांना सिरियातील अंत्युखिया या मोठ्या शहराचे रहिवासी मानते. तेथेच प्रभूच्या अनुयायांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले. लूक यांची भाषा ग्रीक होती आणि ती चांगली होती. त्यांनी प्रभू येशूला डोळ्यांनी पाहिले नव्हते. दुसऱ्यांकडून ऐकून ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्यापैकी ते एक होते. आपणही तसेच आहोत.

त्यांच्या प्रवासाचा माग प्रेषितांची कृत्ये या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात मिळतो. पौल त्रोवसला पोहोचेपर्यंत लेखक पौल आणि त्याचे सोबती यांच्याविषयी ते असे लिहितात. मग एकाएकी आम्ही हा शब्द येतो. ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून हे आम्ही म्हणजे पौल आणि लूक असे मानले आहे. सुमारे इ. स. ५० मध्ये ते समुद्र ओलांडून फिलिप्पै येथे गेले. तेथे जांभळे कापड विकणाऱ्या लुदियाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. काही वर्षांनी ते पौलासोबत यरुशलेमला गेले. पौलाला अटक झाली आणि तो कैसरियात दोन वर्षे कैदेत राहिला. नंतर रोमच्या प्रवासात वादळात १४ दिवस भरकटून जहाज माल्टा बेटाजवळ फुटले. जहाजावर २७६ माणसे होती, सर्व वाचली. हा आकडा लिहून ठेवणारा माणूस त्या जहाजावर होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल एकटा पडला आहे. सोबती निघून गेले आहेत आणि फक्त लूक त्याच्याजवळ उरले आहेत.

त्यांचे शुभवर्तमान इ. स. ८० ते ९० च्या सुमारास लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुरुवातीलाच ते सांगतात की यापूर्वी अनेकांनी हे काम हाती घेतले आहे, आणि आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन त्या क्रमाने लिहीत आहोत. मार्कचे शुभवर्तमान त्यांच्यासमोर होते आणि त्यातील जवळजवळ निम्मा भाग त्यांनी घेतला. जे घेतले ते त्यांनी कसे सांगितले, हे पाहण्यासारखे आहे.

पक्षाघाती माणसाची गोष्ट घ्या. मार्कमध्ये चौघे जण छप्पर उकरतात, कारण गालिलातील घराचे छप्पर लाकडे, फांद्या आणि माती यांचे असे. लूकमध्ये ते कौलांमधून त्याला खाली सोडतात. ग्रीक शहरातील श्रोत्याला मातीचे छप्पर कसे उकरतात ते कळले नसते, कौलारू घर तो रोज पाहत होता. मार्कने प्रभूच्या तोंडचे तालिथा कूम आणि अब्बा हे अरामी शब्द जपले, गुलगुथा हे नाव दिले. लूक यांनी ते वगळून सरळ ग्रीक शब्द वापरले. रक्तस्रावाने पीडित स्त्रीविषयी मार्क सांगतो की अनेक वैद्यांकडे तिने हाल सोसले, सारा पैसा घालवला आणि आजार उलट वाढला. लूक इतकेच म्हणतात की तिला कोणीही बरे करू शकले नव्हते. वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना थोडे सांभाळून घेतले असावे!

बाकीच्या तिघांनीही आपापल्या श्रोत्यांचा विचार केला. मार्क हात धुण्याची यहुदी प्रथा समजावून सांगतो आणि विधवेच्या दोन नाण्यांची किंमत रोमी नाण्यात सांगतो, म्हणजे त्याचे श्रोते यहुदी नव्हते. मत्तय ती प्रथा समजावत नाही, कारण त्याच्या श्रोत्यांना ती घरचीच होती. त्याने प्रभूची वंशावळ अब्राहामापासून सुरू केली आणि संदेष्ट्यांचे बोल कसे पूर्ण झाले ते पदोपदी दाखवले. लूक वंशावळ मागे मागे नेत थेट आदामापर्यंत पोहोचतात, कारण त्यांच्या श्रोत्यांपैकी अनेकांचा अब्राहामाशी रक्ताचा संबंध नव्हता. आदामाशी मात्र सर्वांचाच आहे. योहानाने थोड्याच चमत्कारांची निवड केली आणि प्रत्येकाला खूण मानून त्यामागचा अर्थ उलगडला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक जुने तत्त्व शिकलो : घेणारा जसा असतो, तसे तो घेतो. विहिरीचे पाणी एकच असते, पण घागरीत ते घागरीचा आकार घेते आणि तांब्यात तांब्याचा. कोणी म्हणेल, मग श्रोत्याप्रमाणे सत्यही बदलले की! संत लूक यांची खरी थोरवी येथेच दिसते.

त्यांनी हा ग्रंथ थियफिल नावाच्या माणसाला अर्पण केला. त्याला ते जी पदवी लावतात, तीच प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात रोमी सुभेदारांना लावली आहे. म्हणजे थियफिल हा प्रतिष्ठित, बहुधा सुखवस्तू माणूस होता. अशा माणसासाठी लिहिताना गरिबीचा विषय थोडा सौम्य करणे किती सोपे होते! लूक यांनी नेमके उलट केले. मत्तयमध्ये प्रभू डोंगरावर बसून आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणतात. लूकमध्ये ते सपाट जागी उभे राहून सरळ दीनांनाच धन्य म्हणतात, आणि चार आशीर्वादांपाठोपाठ चार हाय हाय येतात, त्यांतील पहिली श्रीमंतांसाठी. कोठारे वाढवत बसलेला मूर्ख धनवान, दारात पडलेला लाजरस, अर्धी मालमत्ता गरिबांना देणारा जक्कय, या गोष्टी दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात नाहीत. थियफिलासाठी लूक यांनी शब्द बदलले, उदाहरणे बदलली. पण त्याला टोचेल असे एकही सत्य काढून टाकले नाही.

आम्ही येथे एक कबुली देतो. नव्या घराला आशीर्वाद देताना आम्ही बहुधा जक्कयच्या घरी प्रभू गेले तो उतारा वाचतो. घर मोठे असले आणि यजमान ओळखीचे असले, की अर्ध्या मालमत्तेच्या ओळीला आमचा आवाज आपोआप खाली येतो. मग प्रवचनात आम्ही प्रभूच्या पाहुणचाराबद्दल भरभरून बोलतो. ऐकणाऱ्याला समजेल असे बोलणे वेगळे आणि त्याला आवडेल तेवढेच बोलणे वेगळे. हा फरक संत लूक यांच्याकडून आम्हाला अजून शिकायचा आहे.

चार शुभवर्तमाने मिळून एकच करावे, असा प्रयत्नही झाला होता. सुमारे इ. स. १७० मध्ये तातियान याने चौघांचे लेखन गुंफून एक ग्रंथ तयार केला आणि सिरियात तो बराच काळ वाचला गेला. तरीही ख्रिस्तसभेने चारही शुभवर्तमाने वेगवेगळीच जपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात हेच समजावले : शुभवर्तमानकारांनी निवड केली, संक्षेप केला, आपल्या मंडळींची परिस्थिती ध्यानात घेतली, आणि तरीही येशूविषयीचे सत्यच सांगितले.

परंपरा सांगते की संत लूक अविवाहित राहिले आणि ८४ व्या वर्षी ग्रीसमध्ये प्रभूच्या घरी गेले. त्यांचे मानले जाणारे अवशेष इ. स. ३५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले. पुढे इटलीतील पादुआ येथे संत जस्टिनाच्या महामंदिरात त्यांची कबर पूजनीय ठरली.

प्रिय भाविकांनो, यंदाच्या नाताळात गोठ्यासमोर मुलांनी तो प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नका. मेंढपाळांकडे बोट दाखवा आणि सांगा की हे लूक यांनी पाहुणे म्हणून बोलावले, कारण गरिबांना पहिले आमंत्रण आहे हे त्यांना सांगायचे होते. ज्ञानी लोकांकडे बोट दाखवा आणि सांगा की यांना मत्तयने बोलावले, कारण इस्राएलचा राजा सर्व राष्ट्रांचा आहे हे त्याच्या यहुदी बांधवांना कळायला हवे होते. गोठ्यातील बाळ दोघांचे एकच आहे. आणि घरी जाऊन लूकचा सोळावा अध्याय उघडा. लाजरस अजून दारातच बसलेला आहे.

संत लूक, आमच्यासाठी विनंती कर.