सातबाऱ्यावरचा आकार आणि विंगेटसाहेब

ट्रंकेतला सातबारा एकदा बाहेर काढा. नाव बरोबर आहे का, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, एवढंच आपण बघतो आणि कागदाची घडी घालतो. क्षेत्राच्या जवळच ‘आकार’ म्हणून रुपये-पैशात एक छोटा आकडा असतो, त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन-चार रुपयांचा तो आकडा कुणी आणि कशावरून बसवला? त्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जावे लागते. तिथे जॉर्ज विंगेट नावाचा एक तरुण इंजिनिअर साखळी घेऊन उतरला होता.

विंगेटसाहेबांचा जन्म १८१२ चा. कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर पलटणीत ते लेफ्टनंट होते. गोल्डस्मिड हे पुण्याकडचे मुलकी अधिकारी. या जोडीने १८३५-३६ मध्ये इंदापूरचे काम हातात घेतले, तेव्हा विंगेटसाहेबांचे वय तेवीस-चोवीस. आपल्याकडे या वयाच्या पोराला बाप बांधाचा वादसुद्धा सांगत नाही.

इंदापूरच का? तर त्या तालुक्याची अगोदरच वाट लागली होती. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि नंतरच्या दहा वर्षांत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली. साहेब हुशार, पण पुस्तकी. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्यातले ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्यांचा हिशेब. कागदावर चोख दिसतो. पण कुणाच्या रानात किती पिकते हे खरे कोण सांगणार? खालच्या कारकुनांनी पैसे खाल्ले, मोजण्या चुकल्या, त्यात धान्याचे भाव पडले आणि पाऊसही रुसला. इंदापूरच्या माणसांनी जमिनी टाकल्या. कित्येक जण कंपनीच्या हद्दीबाहेर निघून गेले. सारा मोठा, पण भरणारा जाग्यावर नाही!

विंगेट-गोल्डस्मिड यांनी हा उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण यातच आहे. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. एका रानाची दुसऱ्याच्या तुलनेत प्रत काय, हा पहिला. आणि सगळ्या टापूला मिळून किती ओझे झेपेल, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासाठी शेताची मोजणी. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही आपण बांधावर गुंठ्यातच बोलतो, मग कागदावर हेक्टर-आर असो की काही. एका बैलजोडीला झेपेल एवढ्या रानाचा साधारण एक सर्व्हे नंबर पाडला. जमीन हलकी असेल तर नंबर मोठा.

मग प्रतबंदी. शेताच्या नकाशावर चौकटी पाडायच्या आणि चौकटी-चौकटीत माती खणून बघायची. खोली पावणेदोन हात भरली आणि माती काळी, एकसारखी असली की सोळा आणे. खोली कमी होईल तसे चौदा, बारा, दहा असे उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग. शिवाय दोष धरायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, असा एकेक दोष निघाला की वर्ग एकेक पायरी खाली. पिकवता न येणारा तुकडा पोटखराबा म्हणून आकारातून वगळायचा. सगळ्या चौकटींची सरासरी म्हणजे त्या शेताचे आणे. आपल्याकडची म्हातारी माणसं रान किती आण्याचं म्हणून विचारतात, ते यावरूनच.

दुसऱ्या प्रश्नाला माती उपयोगी नाही. तिथे त्यांनी गावांचे गट केले. पाऊसमान कसे, बाजार किती लांब, रस्ता आहे का, मागची वसुली किती झाली आणि किती थकली, हे जुन्या दप्तरातून पाहिले. त्यावरून गटाला एक वरचा दर ठरवला. सोळा आणे रानाला पूर्ण दर आणि बाकीच्यांना आपापल्या आण्यांच्या हिशेबाने. बसवलेला आकार तीस वर्षे वाढायचा नाही. मधल्या काळात तुम्ही विहीर पाडली, ताली घातल्या, तरी जादा पैसा नाही. एखादा नंबर नको असेल तर तो सोडायची मोकळीक. इंदापुरात दर उतरले आणि टाकलेली राने पुन्हा वहितीला आली. पुढे विंगेटसाहेबांनी धारवाडकडेही मोजणीचे काम पाहिले, ते सर्व्हे कमिशनर झाले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी ही पद्धत कायमची लिहून ठेवली. वऱ्हाडात हीच पद्धत गेली. निजाम सरकारनेही मराठवाड्यात पुढे तीच धरली.

आता वाचक म्हणतील, साहेबाचे फारच कौतुक चालले आहे. तर दुसरी बाजूही ऐका. जमिनीचा नंबर पडला, हद्द ठरली, सारा बेताचा झाला आणि ती विकताही येऊ लागली. म्हणजेच सावकाराच्या दृष्टीने ती पक्के तारण झाली. पूर्वी सावकार वसुलीसाठी गावाच्या भिडेवर अवलंबून असे. आता त्याच्या हातात कोर्टाचा हुकूमनामा आला. हे सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत खुद्द विंगेटसाहेब होते. १८५२ मध्ये त्यांनी सरकारला लिहून कळवले की कर्जवसुलीच्या कायद्याने कुणबी सावकाराचा बांधील होत चालला आहे. आपणच बसवलेल्या घडीतली फट दाखवायला मोठे मन लागते. सरकारने मात्र वेळेत काही केले नाही.

विलायतेतही ते गप्प बसले नाहीत. १८५९ मध्ये पुस्तिका काढून त्यांनी हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जाणाऱ्या पैशावर टीका केली, आणि दादाभाई नौरोजींनी पुढे तिचा आधार घेतला. इकडे इंदापूरची तीस वर्षे भरली. १८६७ मध्ये फेरआकारणीत दर चांगलेच चढले, कारण मधे अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाचे भाव वाढले होते. मग भाव कोसळले, सारा तसाच. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्याला दिलासा देणारा दख्खन कायदा झाला १८७९ मध्ये. त्याच वर्षी विंगेटसाहेब वारले.

हे सगळे तुमच्या घरच्या कागदाशी ताडून बघता येते. सातबाऱ्यावरचा आकार मूळ कुठून आला, ते आकारबंदात म्हणजे गाव नमुना एक मध्ये सापडते. पोटहिस्से पडले असतील तर सगळ्या हिश्श्यांचे क्षेत्र आणि आकार यांची बेरीज मूळ नंबराशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर कुणाच्या तरी वाटणीत चूक घुसली आहे असे समजा. फार जुन्या कागदावर रुपये-आणे-पै दिसेल. दशमान नाणी १९५७ मध्ये आली, तेव्हापासून पैसे.

आणखी एक घोटाळा हमखास होतो. गाव नमुना आठ-अ हा जमिनीचा खातेउतारा आहे, तो महसूल खात्याचा. घरपट्टीचा नमुना आठ ग्रामपंचायतीचा. बँकेने एक मागितला की आपण दुसरा नेऊन देतो आणि हेलपाटा पडतो.

सातबारा आणि आठ-अ हल्ली ऑनलाइनही निघतात. पण प्रतबंदीची माहिती हवी असेल तर प्रतिबुक मागावे लागते, आणि मोजणीचे टिपणही. दोन्ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. अर्ज करताना नुसता गट नंबर लिहू नका. एकत्रीकरणात नंबर बदलले आहेत आणि जुने दप्तर सर्व्हे नंबरावर लावलेले आहे. तेव्हा आधी एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढा, तो अर्जात घाला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.